बाहेरचा पदर

पांढऱ्या सशाचा कान उजेडासमोर धरला की मधोमध एक लाल रेघ दिसते. ती त्याच्या कानाची मुख्य धमनी. बुडापासून टोकाकडे जाताजाता तिला बारीक बारीक फांद्या फुटतात, आणि आपण काही न करता नुसतं पाहत राहिलो तर ती सगळी नक्षी हळूहळू फिकी पडते, मग पुन्हा भरून येते. या भरण्या-ओसरण्याचा हृदयाच्या ठोक्यांशी मेळ बसत नाही. त्याची लय फार संथ असते. जिवंत धमनी अशी उघड्या डोळ्यांना दिसण्याच्या जागा थोड्याच. म्हणूनच असेल, धमनी आणि चेतातंतू यांच्या नात्याची गोष्ट या कानापाशी सुरू होते.

1851 साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतातंतू एका बाजूने कापला. तंतू तुटला की त्या बाजूची उष्णता घटेल, कान गार पडेल, अशी त्यांची अटकळ होती. कान गरम झाला. लाल झाला, आणि दुसऱ्या कानाहून ऊन असल्याचं हाताला सहज कळू लागलं. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी त्या तुटक्या तंतूच्या डोक्याकडच्या टोकाला विजेचा प्रवाह दिला, तेव्हा तोच तापलेला कान फिका आणि थंड झाला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की अर्थ उलगडतो. तंतू रात्रंदिवस धमनीला थोडं आवळून धरत असतो, आणि तो तुटला की धमनी सैलावते. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं वैद्यकाच्या वर्गांमधून हेच शिकवलं गेलं. ते खरंच आहे. त्याच तंतूचं दुसरं एक काम आहे, ते मात्र फार उशिरा ध्यानात आलं, कारण ते मिनिटांत दिसत नाही. त्याला आठवडे लागतात, आणि त्यासाठी आधी धमनीला जखम व्हावी लागते.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना धमनीची काचपट्टी फार आवडते, कारण ती ओळखायला सोपी आणि काढायला सुबक. सगळ्यात आत एकेका पेशीचं नाजूक अस्तर, जे रक्ताला प्रत्यक्ष स्पर्श करतं. त्यानंतर स्थितिस्थापक तंतूंची नागमोडी रेघ. मग अनैच्छिक स्नायुपेशींची जाड भिंत, गोल गोल वेढे घेत गेलेली. आणि सगळ्यात बाहेर एक सैलसर पदर, ज्याला डॉक्टर अ‍ॅडव्हेन्टिशिया म्हणतात. मुलं आतले दोन थर मन लावून रंगवतात आणि बाहेरच्या पदरासाठी गुलाबी पेन्सिलीचे चार फराटे ओढून वही मिटतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगक्रियेत तिथे खरंच फारसं दिसत नाही. इकडेतिकडे विखुरलेले तंतू, थोडी चरबी, भिंतीच्या पोषणासाठी आलेल्या केसाहून बारीक वाहिन्या. चेतातंतू तिथेच असतात, पण तो रंग त्यांना उजेडात आणत नाही.

ते दिसावेत म्हणून स्वीडनमधल्या फाल्क आणि हिलार्प या दोघांनी 1962 च्या सुमारास एक युक्ती काढली. वाळवलेल्या ऊतीला फॉर्मल्डिहाइडची वाफ द्यायची आणि अतिनील प्रकाशात पाहायचं. तंतूंमध्ये साठलेलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हिरवं चमकू लागतं. त्या पद्धतीने घेतलेलं धमनीचं पहिलं चित्र मी पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. काळोखात धमनी जवळजवळ अदृश्य, आणि तिच्या भोवती, स्नायूंची भिंत जिथे संपते आणि बाहेरचा पदर जिथे सुरू होतो नेमक्या त्या सीमेवर, हिरव्या ठिपक्यांचं एक कडं. बहुतेक धमन्यांमध्ये हे तंतू स्नायूंच्या भिंतीत शिरत नाहीत. उंबऱ्यापाशीच थांबतात.

थांबूनही त्यांचं म्हणणं आत पोहोचतं. हाताच्या स्नायूला हुकूम देणारा तंतू त्या स्नायूला अगदी चिकटलेला असतो. धमनीपाशी तसं नाही. तंतूवर ठिकठिकाणी फुगवटे असतात, त्यांतून रसायनं बाहेर पडतात आणि मधली फट ओलांडून जिथवर झिरपतील तिथवरच्या पेशींना लागू होतात. माजघरातून बाईने हाक द्यावी आणि ती ओसरीवरच्या सगळ्यांनीच ऐकावी, तसं हे बोलणं आहे. आणि त्या हाकेत एकच शब्द नसतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन असतं, एटीपी असतं, न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं छोटं प्रथिन असतं. शेजारून जाणारे संवेदनेचे तंतू वेगळंच काही सोडत असतात. वेदनेची वर्दी मेंदूकडे नेणं हे त्यांचं काम, पण धमनीपाशी असलेल्या टोकातून ते सीजीआरपी नावाचा रेणूही बाहेर टाकतात, जो धमनीला रुंद करतो. अर्धशिशीवरच्या नव्या औषधांचा रोख आज याच रेणूवर आहे.

आमच्या आण्णांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा औषध लावलेले स्टेंट यायचे होते. मांडीतून नळी घातली, फुगा फुगवला, अडथळा बाजूला सरला, आणि चौथ्या दिवशी आण्णा घरी येऊन भेटायला येणाऱ्यांना स्वतःच्या हृदयाचं चित्र कागदावर काढून दाखवू लागले. काही महिन्यांनी चढावर छाती पुन्हा भरून येऊ लागली. पुन्हा अँजिओग्राफी झाली. अडथळा त्याच जागी होता. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी फार शांतपणे, खुर्ची जवळ ओढून सांगितलं, “आण्णा, जखम भरली तुमची. जरा जास्तच भरली.” आण्णांनी विचारलं, “मग तिला पुरे म्हणणारं आत कोणी नसतं का?”

झूरिकच्या स्वयंपाकघरात बसून आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हे फुगे हाताने तयार केले होते. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्यांनी जागत्या माणसाच्या हृदयाची धमनी पहिल्यांदा अशी उघडली. तो माणूस अडतीस वर्षांचा होता आणि त्याची धमनी दहा वर्षांनंतरही उघडी होती. सगळे इतके भाग्यवान नव्हते. नुसत्या फुग्याच्या काळात साधारण तिघांतल्या एकाची धमनी पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. फुगा फुगतो तेव्हा तो अडथळा हलक्या हाताने सरकवत नाही. तो फोडतो, आतलं अस्तर खरवडतो, स्नायूंची भिंत ताणतो, आणि तो ताण बाहेरच्या पदरापर्यंत जातो. आपण ज्याला उपचार म्हणतो ती धमनीच्या लेखी एक जखमच आहे.

त्या जखमेत पुढे काय घडतं हे अलेक्झांडर क्लोज, मायकेल रिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मानेतल्या धमनीत फुगा ओढून दिवसागणिक नोंदून ठेवलं. 1983 मध्ये छापलेलं ते काम आजही या विषयाचा पाया आहे. अस्तर निघून गेलं की काही मिनिटांत उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर रक्तातल्या बिंबिकांचा थर बसतो. एक-दोन दिवसांत भिंतीतल्या स्नायुपेशी विभागू लागतात. एरवी या पेशी अतिशय शांत असतात, महिनोन्‌महिने विभागत नाहीत, त्यांचं काम आवळणं आणि सैल होणं. जखमेनंतर त्या आपला स्वभाव बदलतात. आवळण्यासाठी लागणारी प्रथिनं टाकून देतात, सरपटू लागतात, चौथ्या दिवसाच्या सुमारास आतल्या बाजूला पोहोचतात, आणि तिथे वाढत राहतात. दोन आठवड्यांत पूर्वी जिथे एका पेशीचं अस्तर होतं तिथे जाड गादी तयार होते. अस्तराच्या पेशी दोन्ही टोकांकडून परत येत असतात, पण जखम लांब असेल तर मधला भाग कित्येकदा उघडाच राहतो.

हे वर्णन वाचताना माझं लक्ष एका गोष्टीवर अडतं. पेशी वाढायला लागतात हे समजण्यासारखं आहे. फाटलं की शिवायला हवं. त्या थांबतात कशा? आणि कुठे लवकर, कुठे उशिरा का थांबतात? आण्णांचा प्रश्न तोच होता.

उत्तराचा एक धागा पुन्हा सशाच्या कानाशी घेऊन जातो. 1975 मध्ये रोझमेरी बेव्हन यांनी लॉस एंजेलिसमध्ये वाढत्या वयाच्या सशांच्या एका बाजूच्या कानाचा अनुकंपी पुरवठा तोडला आणि दोन्ही कानांच्या धमन्यांमध्ये किती स्नायुपेशी नव्याने विभागायच्या तयारीत आहेत ते मोजलं. तंतू गेलेल्या बाजूला अशा पेशी कमी होत्या. बर्नार यांनी ज्या कानात ऊब पाहिली, त्याच कानात बेव्हन यांनी वाढ मंदावलेली पाहिली. तंतू धमनीला नुसता आवळत नव्हता, तो तिला वाढवतही होता. लंडनमध्ये जेफ्री बर्नस्टॉक यांनी पुढे कितीतरी वर्षं हाच विचार लावून धरला. चेतातंतू जे रेणू क्षणभरासाठी सोडतो तेच रेणू सतत मिळत राहिले तर पेशींची वाढ आणि जडणघडण ठरवतात, असं ते मांडत राहिले.

मग जखमेत काय? नॉर्थ कॅरोलायनात जेम्स फेबर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की जखम झालेली धमनी नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला शाबूत धमनीपेक्षा जास्त जोमाने प्रतिसाद देते, आणि तो प्रतिसाद आवळण्याचा नसून वाढण्याचा असतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पेशींवरच्या ज्या अल्फा-वन ग्राहींना (रिसेप्टर) जाऊन भिडतं ते औषधाने झाकून ठेवले तर उंदरांच्या धमनीतली ती आतली गादी पातळ राहते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात झोफिया झुकोव्स्का यांनी न्यूरोपेप्टाइड वायवर लक्ष ठेवलं. तंतू थोडा वेळ चाळवले तर हा रेणू फारसा बाहेर येत नाही. ताण तीव्र असला, लांबला, की तो येतो. फुग्याने जखमी केलेल्या धमनीजवळ हा रेणू हळूहळू झिरपेल अशी गोळी ठेवली, तेव्हा उंदरांच्या धमन्या जवळजवळ बुजून गेल्या. त्याचे ग्राही अडवले तेव्हा ही वाढ रोखली गेली. अँजिओप्लास्टीनंतर रुग्णाला “दगदग करू नका, मनाला लावून घेऊ नका” असं सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मायेची रीत आहे. उंदरांमधल्या या कामाने तिच्या मागे एक रेणू उभा केला आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. माणसाच्या मनातली काळजी आणि त्याच्या धमनीतली जखम यांच्यामध्ये खरोखरीचा एक तंतू आहे.

इथवरचं वाचून असं वाटेल की तंतू तोडून टाकावेत, म्हणजे जखम जास्त भरणार नाही. तसं होत नाही. जपानमध्ये जनुकीय बदल करून सीजीआरपी नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांच्या धमनीला तारेने जखम केली, तेव्हा आतली गादी नेहमीपेक्षा जाड झाली. म्हणजे संवेदनेच्या तंतूंकडून येणारा तो रेणू वाढीला आवर घालत होता. अनुकंपी तंतूंचीही दुसरी बाजू आहे. व्हरमाँट विद्यापीठात डेबरा डेमन यांनी बशीमध्ये स्नायुपेशींच्या शेजारी अनुकंपी चेतापेशी वाढवल्या. शेजार मिळालेल्या स्नायुपेशींनी आवळण्याची आपली प्रथिनं जास्त टिकवून धरली. मघाशी म्हटलं ना, जखमेनंतर या पेशी आपला स्वभाव सोडतात. तंतूंच्या सहवासात तो स्वभाव टिकतो. वाढीला उत्तेजन देणारे तेच तंतू पेशींना प्रौढपणाही शिकवतात. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते आणि ती सोपी करून सांगायचा मोह मी टाळते. हे तंतू जखम भरण्याच्या बाजूचे की विरुद्ध, असं विचारून चालत नाही. कोणता तंतू, जखमेनंतर कितवा दिवस, किती काळ, किती तीव्र, हे सगळं विचारावं लागतं.

तंतू धमनीपाशी येतातच कसे, ही कथाही याच्याशी जोडलेली आहे. ट्यूरिनमध्ये ज्यू म्हणून विद्यापीठाचं दार बंद झाल्यावर रीता लेव्ही-मोन्तालचिनी यांनी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर सेंट लुइसमध्ये त्यांनी उंदराची गाठ कोंबडीच्या गर्भात ठेवली, तेव्हा चेतातंतू वेड्यासारखे वाढले, अवयवांत घुसले, रक्तवाहिन्यांच्या आतसुद्धा शिरले. गाठीतून काहीतरी पसरतंय जे तंतूंना ओढून घेतंय, हे त्यांनी ओळखलं. तो चेतावृद्धी घटक. त्यासाठी 1986 चं नोबेल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं. हाच घटक धमनीतल्या स्नायुपेशीही तयार करतात. गर्भात वाढणारे अनुकंपी तंतू धमन्यांच्या कडेकडेने वाट काढतात आणि स्नायूंनी सोडलेल्या या घटकावर जगतात. धमनी तंतूला पोसते, तंतू धमनीला घडवतो. जखमेनंतरही हे देणंघेणं नव्याने चालू होतं. उच्च रक्तदाबासाठी मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे तंतू आतून उष्णता देऊन जाळतात, तो उपचार मेंढ्यांवर करून पाहिला तेव्हा अकरा महिन्यांत तंतू पुन्हा उगवलेले दिसले.

तंतू कायमचे काढून टाकल्यावर काय होतं, याचं उत्तर माणसांच्या पायात सापडतं. बर्गरचा आजार हा तंबाखू ओढणाऱ्यांचा, बहुतेक तरुण पुरुषांचा. आपल्याकडे तो बिडीवाल्यांचा आजार म्हणून ओळखला जातो. पायाच्या आणि हाताच्या लहान धमन्या बुजत जातात, बोटं काळी पडतात. लिआँमध्ये माथ्यू जाबुले आणि त्यांच्यानंतर रने लरीश यांनी धमनीचा बाहेरचा पदर सोलून तंतू काढायची शस्त्रक्रिया केली. 1924 मध्ये ब्वेनोस आयरेसला हूल्यो दिएझ यांनी त्याहून वर जाऊन कमरेतली अनुकंपी गंडिकाच, म्हणजे चेतापेशींचा पुंजकाच, काढली. आपल्या सरकारी रुग्णालयांमध्येही ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं होत असे. विद्यार्थी असताना शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी असा एक रुग्ण पाहिला. ऊसतोडीला जाणारा माणूस, वय पस्तिशीचं असेल. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी त्याने माझा हात धरून आधी एका पायावर ठेवला, मग दुसऱ्यावर. “बगा बाई, ह्यो पाय ऊन लागतोय. लई दिसांनी.” बर्नार यांच्या सशाचा कान मी पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी तो माझ्या तळहाताखाली होता.

ती ऊब खरी होती. वेदना कमी होत असत, कातडीवरच्या जखमा काही वेळा भरत. पण धमनीचं काय? 1983 मध्ये गोबेल आणि फ्युस्ल या जर्मन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झालेल्या लोकांच्या पायांचे एक्स-रे पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या धमन्यांच्या मधल्या थरात चुना साठला होता. ज्यांची शस्त्रक्रिया एकाच बाजूला झाली होती त्यांच्यात तो बहुधा त्याच बाजूला होता. मधुमेहाने ज्यांच्या पायांचे चेतातंतू मरतात त्यांच्या धमन्यांमध्येही हाच चुना दिसतो, रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा. तंतू गेलेल्या धमनीतल्या स्नायुपेशी हळूहळू आपला मूळ धर्म विसरतात आणि हाडाच्या वाटेला लागतात. महाराष्ट्रात मधुमेह घरोघरी आहे. पायाची संवेदना गेली की आपण टाचणी टोचलेली, चपलेतला खडा न कळण्याची काळजी करतो. त्याच वेळी त्या पायाची धमनीही कोणाचं तरी बोलणं ऐकू येणं बंद झाल्यामुळे कडक होत असते, हे फार कमी सांगितलं जातं.

तंतूंविना जगणारा आणखी एक अवयव म्हणजे दुसऱ्याच्या छातीत बसवलेलं हृदय. डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं प्रत्यारोपण केलं, आणि तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं केलं. तो रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळात ते करून पाहणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. असं हृदय बाहेर काढताना त्याचे सगळे चेतातंतू तुटतात आणि ते जोडता येत नाहीत. ते नव्या छातीत मिनिटाला शंभरच्या आसपास आपल्याच लयीत धडधडतं. त्याच्या धमन्या बुजल्या तरी बहुधा छातीत कळ येत नाही. कळ नेणारे तंतूच नसतात. या हृदयाच्या धमन्या पुढे जाड होतात त्याचा मुख्य दोष शरीराच्या प्रतिकारशक्तीचा, तंतूंच्या माथी तो मारता येणार नाही.

तरीही या हृदयांनी एक गोष्ट दाखवली जी दुसऱ्या कुठेच इतकी स्वच्छ दिसली नसती. काही वर्षांनी काहींच्या हृदयात अनुकंपी तंतू परत येऊ लागतात. सगळीकडे एकदम नाही. मुख्यतः पुढच्या भागात, डाव्या पुढच्या धमनीच्या मुलखात. त्याच हृदयाचा दुसरा भाग तसाच मुका राहतो. 1997 मध्ये मार्सेलो दी कार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांना हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं आणि हृदयाच्या दोन्ही भागांतला रक्तप्रवाह मोजला. जिथे तंतू परतले होते तिथल्या धमन्या जास्त रुंदावल्या, प्रवाह जास्त वाढला. माणूस तोच, रक्त तेच, औषधंही तीच. वेगळं एवढंच की एका धमनीच्या बाहेरच्या पदरात तंतू परत आले होते आणि दुसरीच्या नाही. पुढे म्युनिकमध्ये असंही दिसलं की तंतू परतलेली माणसं व्यायामही अधिक करू शकतात.

म्युनिकमधूनच 2022 मध्ये आलेलं एक काम मला आशा देतं. उंदरांच्या ज्या धमन्यांमध्ये चरबीची पुटं साठली होती, त्यांच्या बाहेरच्या पदरात चेतातंतूंचं जाळं दाट झालेलं होतं. तिथून संवेदनेचे तंतू बातमी पाठीच्या कण्यातून मेंदूत नेत होते आणि मेंदू अनुकंपी तंतूंमधून त्याच धमनीकडे उत्तर धाडत होता. त्या फेऱ्यातली एक गंडिका काढली तेव्हा पुटं कमी झाली. आजारी धमनी म्हणजे केवळ गंजलेली नळी, असं समजून आपण फार दिवस काढले. ती बोलत असते. तिचं ऐकलंही जातं.

औषध लावलेल्या स्टेंटने आण्णांसारख्यांचा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे, हे मी कृतज्ञतेने म्हणते. त्यातलं पहिलं औषध, सिरोलिमस, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं, आणि पंजाबात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी मॉन्ट्रियलमध्ये ते वेगळं काढून जिवापाड जपलं. ते पेशींची विभागणी थांबवतं. पण ते स्नायुपेशी आणि अस्तराच्या पेशी यांत फरक करत नाही. त्यामुळे अस्तरही उशिरा परततं आणि रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतात. जखमेला बाहेरून तोंड दाबून पुरे म्हणायला लावणं आणि तिचं तिला पुरे कळणं, यांत अजून अंतर आहे. ते अंतर बाहेरच्या पदरातून जातं अशी माझी खात्री आहे. स्टेंटच्या चाचणीत आपण आतल्या गादीची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजतो. त्याच कापात बाहेरच्या पदरातले तंतू किती उरले, किती परतले, हे मोजायला वेगळी धमनी लागत नाही, फक्त वेगळा रंग लागतो.

शल्यविशारदांमध्ये या पदराचा मान राखणारे आहेत. स्वीडनमधल्या ओरेब्रू गावात दोमिंगोस सौझा यांनी बायपाससाठी पायातली शीर काढण्याची पद्धत बदलली. रूढ पद्धतीत शीर सोलून स्वच्छ करतात, भोवतीची चरबी काढतात, मग पाणी भरून ती फुगवून पाहतात. सौझा ती भोवतालच्या चरबीसकट उचलतात, फुगवत नाहीत. बाहेरचा पदर, त्यातल्या सूक्ष्म वाहिन्या आणि तुटके का होईनात पण तंतूंचे अवशेष तिच्याबरोबर हृदयापर्यंत जातात, आणि तिथे ती शीर धमनीचं काम करू लागते. सोळा वर्षांनी पाहिलं तेव्हा अशा जोडण्यांपैकी 83 टक्के उघड्या होत्या, सोललेल्यांपैकी 64 टक्के. यात चरबीचा वाटा किती, वाहिन्यांचा किती, तंतूंचा किती, हे अजून कोणी वेगळं करून दाखवलेलं नाही. शिवाय या पद्धतीत पायावरची चीर जास्त त्रास देते. ती भरायला वेळ घेते, कधी चिघळते, आणि बायपास झालेला माणूस छातीपेक्षा पायाचीच तक्रार करत राहतो. म्हणून अनेक शल्यविशारद अजून जुन्याच पद्धतीने जातात. माझ्या घरच्या कोणासाठी मला विचारलं, तर मी पायाचं ते दुखणं पत्करीन.